तारा, ट्रंपेट आणि बीबर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण दर दोनेक महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकच रचना तीन-चार वेळा ऐकतो. मागच्या वेळी बीबर या युरोपियन रचनाकाराचे १६७६ सालचे सोनाटे लावले, तारवाद्यं आणि ट्रंपेट एकत्र असलेले, आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिकडे पाठवलंय, परत परत लिहिलेलं नाही.

१. सोनाटा म्हणजे पियानोवर वाजवतात तेच ना? मग त्यात ट्रंपेट कुठून आलं?

पियानोवाला सोनाटा खूप नंतरचा. १७व्या शतकात सोनाटा म्हणजे एवढंच, की ही वाजवायची चीज आहे, गायची नाही. इटालियनमध्ये सोनारे म्हणजे वाजवणं आणि कांतारे म्हणजे गाणं, म्हणून एकाचं नाव सोनाटा आणि दुसऱ्याचं कांताटा. किती वाद्यं, कुठली वाद्यं, किती भाग, असा काही नियम नव्हता, त्यामुळे दोन व्हायोलिनचा सोनाटा असतो तसा आठ ट्रंपेटचाही असतो (हो, आहे तो, प्र. १५ बघा).

२. आपण ऐकलं त्याचं पूर्ण नाव काय? सर्च करताना सापडत नाही.

लॅटिन नाव आहे, 'सोनाटे ताम आरिस क्वाम आउलिस सेर्व्हिएन्टेस'. अर्थ असा की वेदीलाही उपयोगी पडतील आणि दरबारालाही असे सोनाटे. १२ आहेत, १६७६ मध्ये छापले गेले, रचनाकार हाइनरिश इग्नाझ फ्रान्झ बीबर, कामाचं गाव साल्झबुर्ग, आजच्या ऑस्ट्रियातलं. नुसतं बीबर टाकलं तर कोण येतो ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे हाइनरिशसकट टाका.

बारापैकी पाचच सोनाट्यांमध्ये ट्रंपेट आहे. १, ७ आणि १२ मध्ये दोन-दोन, ४ आणि १० मध्ये एकेक. बाकीचे सात फक्त तारांचे. "मी तिसरा लावला त्यात ट्रंपेट नाहीच" असे मेसेज तीन जणांनी केलेत, तर बरोबर आहे, त्यात नाहीच.

३. चेंबर म्हणजे किती लोक? ऐकताना मोठा ऑर्केस्ट्रा वाटतो.

चेंबर म्हणजे खोलीत वाजवायचं, छोट्या गटाचं संगीत, एका पार्टला एक माणूस. पहिल्या आणि बाराव्या सोनाट्यात आठ पार्ट आहेत, दोन ट्रंपेट आणि सहा तारा, आणि खाली बास सांभाळायला एखाद-दोन जण. म्हणजे दहाच्या आसपास माणसं, आपल्या हॉलमध्ये सोफा सरकवला तर मावतील एवढी. मोठं वाटतं कारण गट एकमेकांना उत्तरं देतात. ट्रंपेटची जोडी काहीतरी म्हणते, व्हायोलिनची जोडी तेच उचलून थोडं वळवून परत देते, मग सगळे एकदम. सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

४. हे चर्चचं संगीत आहे का दरबारी? नेटवर दोन्ही लिहिलंय.

दोन्ही, आणि यात बीबरने काही चलाखी केलेली नाही, साल्झबुर्गची परिस्थितीच तशी होती. इटालियन लोक चर्चचा सोनाटा आणि चेंबरचा सोनाटा असे दोन प्रकार मानायचे. चर्चवाल्यात गंभीर आणि वेगवान भाग आळीपाळीने, चेंबरवाल्यात बरेचदा नाचाचे ताल. पण साल्झबुर्गचा राजा म्हणजेच तिथला आर्चबिशप. राज्यही त्याचं आणि चर्चही त्याचं. बीबरने हा संग्रह ज्याला अर्पण केला तो माक्स गांडोल्फ सकाळी कॅथेड्रलमध्ये मिस्साला, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेला, बसणार आणि संध्याकाळी राजवाड्यात पाहुण्यांबरोबर जेवायला, वादक तेच, मालक तोच. मग दोन वेगळे संग्रह कशाला लिहायचे?

मिस्सामध्ये कुठे वाजायचं असं वसईच्या एका मैत्रिणीने विचारलं. साल्झबुर्गमध्ये एपिसल (बायबलमधल्या पत्राचा उतारा) वाचून झालं की गॉस्पेलच्या (येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याच्या) आधी वाद्यांचा सोनाटा वाजवायची पद्धत होती. शंभर वर्षांनी मोत्सार्टने त्याच कॅथेड्रलसाठी असे छोटे १७ सोनाटे लिहिले, इतकी ती सवय पक्की होती.

५. बीबर पळून गेला होता म्हणे? खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट सांगायला मला फार आवडते.

बीबरचा जन्म १६४४ मधला, बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. तरुणपणी तो मोराव्हियात क्रोमेर्झिझ नावाच्या गावी ओलोमोउत्सच्या बिशपकडे नोकरीला होता. बिशपचं नाव कार्ल लिख्टेनश्टाइन-कास्टेलकॉर्न, संगीताचा जबरदस्त शौकीन. १६७० मध्ये बिशपने बीबरला इन्सब्रुकजवळ आब्साम गावी पाठवलं, तिथे याकोब श्टाइनर हा त्या काळचा नावाजलेला व्हायोलिन बनवणारा राहायचा, त्याच्याकडून वाद्यं आणायची होती. बीबर गेला तो परतलाच नाही. थेट साल्झबुर्गला जाऊन माक्स गांडोल्फच्या नोकरीत लागला, ना राजीनामा ना परवानगी.

आता बिशप भडकणारच, पण दोन्ही मालक एकमेकांचे मित्र, त्यामुळे फार ताणलं नाही. बीबर मात्र बरीच वर्षं नव्या नव्या रचना क्रोमेर्झिझला पाठवत राहिला, जुन्या साहेबाचा राग शांत करायला. रीतसर नोकरीतून मोकळं केल्याचा कागद मिळाला १६७६ मध्ये, म्हणजे हा संग्रह छापून आला त्याच वर्षी. पुढे १६८४ मध्ये तो साल्झबुर्गचा कापेलमाइस्टर, म्हणजे सगळ्या संगीताचा प्रमुख झाला, १६९० मध्ये सम्राट लिओपोल्डने उमरावकी दिली, आणि १७०४ मध्ये साल्झबुर्गलाच वारला.

या पळून जाण्याचा आपल्याला फायदा असा झाला की पाठवलेली हस्तलिखितं क्रोमेर्झिझच्या राजवाड्यात टिकली. बिशपच्या त्या संग्रहात हजाराच्या वर रचना आहेत, त्यातल्या कित्येक दुसरीकडे कुठेच नाहीत. राजवाडा आणि बागा १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

६. त्या ट्रंपेटला बटणंच नाहीत, मग सा-रे-ग कसं काढतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि बाकी अर्धे प्रश्न यावरच उभे आहेत, त्यामुळे हे उत्तर लांब आहे.

तंबोरा जुळवताना खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जवारी नीट लागली असेल तर, बरोबर? आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. ती तार गंधाराला लावलेली नसते, पण एक तार छेडली की तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर आपोआप निघतात आणि पाचपटीवाला सूर गंधार असतो. बिनबटणाच्या ट्रंपेटमध्ये हेच आहे, फक्त तारेच्या जागी हवेचा खांब, आणि ते सूर एकत्र ऐकू येण्याऐवजी वादक ओठ घट्ट-सैल करून त्यातला एकेक निवडून वाजवतो. आपली तुतारी पण याच तत्त्वावर चालते.

आता गंमत ही की हे सूर खालच्या बाजूला लांब लांब असतात आणि वर जाल तसे जवळ येतात. दुसरा सा, तिसरा प, चौथा सा, पाचवा ग, सहावा प, सातवा उतरलेला कोमल नी, आठवा सा. यावर तुम्ही बिगुल वाजवू शकता, एनसीसीत असलेल्यांना आठवत असेल, सा-ग-प-सा यापलीकडे काही नसतं. पण आठव्याच्या वर गेलं की नववा रे, दहावा ग, अकरावा म सारखा काहीतरी, बारावा प, तेरावा ध सारखा काहीतरी, चौदावा परत उतरलेला कोमल नी, पंधरावा शुद्ध नी, सोळावा सा. म्हणजे वरच्या सप्तकात पूर्ण सप्तक मिळालं! या वरच्या भागाला क्लारिनो म्हणायचे, आणि त्यात सुरेल वाजवणारा माणूस दरबारात फार मानाचा असायचा कारण तिथे दोन सूर इतके जवळ असतात की ओठ जरा चुकला तर शेजारच्याच घरात शिरता.

वर जायचं पण आवाज ओरडा होऊ द्यायचा नाही, तर नळी लांब हवी. सी सुरातल्या (सी म्हणजे पेटीवरची पांढरी एक) त्या ट्रंपेटची नळी सरळ केली तर साधारण २.४ मीटर भरते, आजच्या ट्रंपेटच्या जवळपास दुप्पट. बटणं, म्हणजे व्हॉल्व्ह, आली १८१५ च्या आसपास. बीबर जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

७. "म सारखा काहीतरी" म्हणजे काय? बेसूर वाजतं का मग?

अकरावा सूर शुद्ध म आणि तीव्र म यांच्या जवळजवळ मधोमध पडतो. तेरावा कोमल ध आणि शुद्ध ध यांच्या मध्ये. दोन्ही आपल्या पेटीवर नाहीतच. वादक ओठाने सूर थोडा ओढून किंवा चढवून जुळवून घेतो, अकराव्याला खाली ओढलं की शुद्ध म, वर ढकललं की तीव्र म, एकाच घरात दोन भाडेकरू. चांगला रचनाकार अशा सुरावर थांबत नाही, पटकन ओलांडून जातो. बीबर हेच करतो, नीट ऐकलं तर कळेल की ट्रंपेटची वाक्यं सा, ग, प यांच्यावर विसावतात आणि म-ध हे जिन्याच्या पायऱ्यांसारखे येऊन जातात. मग एक सोनाटा असा येतो की हा नियमच उलटा होतो, त्याचं प्र. १० मध्ये.

८. ट्रंपेट आणि व्हायोलिन एकत्र, व्हायोलिन दबून जात नाही का? आमच्या लग्नात बँडपुढे सनई ऐकूच आली नव्हती.

तुमच्या लग्नाचं वाईट वाटलं. पण इथे तसं होत नाही, कारणं तीन. एक, ती लांब नळी वरच्या सुरांत खरोखर हळू वाजवता येते, पत्रा पातळ आणि आवाज गोल, आजच्या ट्रंपेटसारखा अंगावर येत नाही. दोन, बीबर ट्रंपेटला भरपूर गप्प बसवतो. ओठ दमतात म्हणून ते लागतंच, पण तो त्या विश्रांतीचाच उपयोग करून व्हायोलिनला मोकळं रान देतो. तीन, एकत्र वाजताना दोघांची कामं वेगळी असतात, ट्रंपेट लांब सूर धरतं तेव्हा व्हायोलिन बारीक पळत असतं.

याच साल्झबुर्गमधली नंतरची एक गोष्ट आहे. दरबारातला ट्रंपेटर शाख्टनर, मोत्सार्ट कुटुंबाचा मित्र, त्याने लिहून ठेवलंय की छोट्या मोत्सार्टला जवळजवळ दहाव्या वर्षापर्यंत ट्रंपेटची प्रचंड भीती वाटायची, विशेषतः ते एकटंच, दुसऱ्या वाद्यांशिवाय वाजलं की. माझ्या मते त्या पोराचं बरोबर होतं. ट्रंपेटला माणसांत आणायला सोबत तारा लागतात.

९. ट्रंपेटवाले जवळजवळ सगळे सोनाटे सी मेजरमध्येच का? रचनाकाराला कंटाळा नाही आला?

सी मेजर म्हणजे सी ला सा धरून सगळे शुद्ध सूर. प्र. ६ वाचला असेल तर उत्तर तुम्हीच द्याल. ट्रंपेटचा सा बदलता येत नाही. नळीची लांबी ठरली की सा ठरला, आणि तो सा धरूनच सगळ्यांनी वाजवायचं. ऑस्ट्रिया-मोराव्हियाच्या बाजूला सी ची ट्रंपेट जास्त, इटलीत आणि इंग्लंडमध्ये डी. पर्सेलचा ट्रंपेट सोनाटा डी मध्ये आहे, टोरेल्लीचे ट्रंपेटवाले बहुतेक डी मध्ये. व्हायोलिनला डी बरा पडतो कारण मोकळ्या तारा घुमतात, सी मध्ये व्हायोलिन जरा मवाळ लागतं. बीबर कंटाळा कसा टाळतो तर मधल्या तुकड्यात ट्रंपेटला बसवून तारांना दुसऱ्या सुरात फिरवून आणतो, आणि घरी परत आल्यावर ट्रंपेट दार उघडतं.

आमच्यातल्या एका काकांनी विचारलं होतं की अख्ख्या रचनेचा सा एका वाद्यासाठी अडवून ठेवणं हा अन्याय नाही का. काका, तुम्ही तीस वर्षं पेटीची साथ करताय, गायिकेचा सा कोण ठरवतं?

१०. दहावा सोनाटा लावला तर ट्रंपेट आहे पण मायनर वाटतंय. हे कसं काय जमलं?

बरोब्बर पकडलंत. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं फाइलच खराब डाउनलोड झाली, ट्रंपेट इतकं उदास कधी ऐकलंच नव्हतं.

दहावा जी मायनरमध्ये आहे, आणि ट्रंपेट मात्र सी चंच. रागसंगीत शिकलेल्यांसाठी सोपं करून सांगतो, ही मूर्च्छना आहे. ट्रंपेटचा प पकडा आणि त्याला सा म्हणा. आता ट्रंपेटकडे असलेले सूर नव्या नावांनी मोजा. जुना कोमल नी झाला कोमल ग. जुना सा झाला म. जुना रे झाला प. म्हणजे मायनरला जो सूर हवाच हवा, कोमल गंधार, तो ट्रंपेटकडे आधीपासून होता, फक्त सी मेजरमध्ये त्या उतरलेल्या नी ला कुणी विचारत नव्हतं. आणि प्र. ७ मधला तो बदनाम अकरावा सूर आता नव्या सा च्या खालचा नी होतो, ओढला तर कोमल, चढवला तर शुद्ध. जो सूर लपवायचा तोच आता घराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

अडचण राहते ती कोमल ध ची. तो त्या पट्टीत ट्रंपेटमध्ये नाहीच, हवा असेल तर वरच्या सुराला ओठांनी अर्धा सूर खाली खेचायचा, आणि हे सगळ्यांना जमत नाही. शिवाय तो नैसर्गिक कोमल ग पेटीच्या कोमल ग पेक्षा बराच उतरलेला, त्यामुळे रंग आणखीच काळवंडतो. काही जणांना हे बेसूर वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या संग्रहात हाच सगळ्यात धाडसी आहे.

ही कल्पना बीबरची एकट्याची नव्हती. क्रोमेर्झिझला त्याच्याबरोबर पाव्हेल योसेफ व्हेय्व्हानोव्स्की नावाचा ट्रंपेटर होता, स्वतः रचनाकारही. त्याचाही जी मायनरमधला ट्रंपेट सोनाटा आहे, नावातच 'बे मोलिस', म्हणजे कोमल, असं लिहिलेला. स्वतः वाजवणारा माणूस असल्यामुळे ओठांनी काय जमतं हे त्याला नक्की माहीत होतं. बीबर दोन वर्षं त्याच दरबारात होता, त्यामुळे ट्रंपेटकडून इतकं मागायची हिंमत कुठून आली याचा अंदाज करता येतो.

११. चार-चार व्हायोला कशाला? चेलो कुठाय?

त्या भागातला तारांचा घाटच तसा होता, वर दोन व्हायोलिन, मध्ये व्हायोलांची (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या सुरांची वाद्यं) जाड फळी, खाली व्हिओलोने, म्हणजे खर्जाचं मोठं तारवाद्य. व्हायोला वेगवेगळ्या उंचीचे पार्ट वाजवायच्या, काही आल्टो काही टेनर. आज क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार तारवाद्यांच्या गटात, एकच व्हायोला उरली म्हणून आपल्याला विचित्र वाटतं. या मधल्या फळीमुळेच ट्रंपेट आणि बास यांच्यामधली जागा पोकळ वाटत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम फक्त मधलं ऐका.

१२. मागे सतत ऑर्गन वाजतो, कधी हार्पसिकॉर्ड असतो. मूळ काय आहे?

छापलेली आहे फक्त बासची ओळ आणि तिच्याबरोबर आकडे. आकडे बघून वादकाने वरचे सूर स्वतः भरायचे, याला बासो कंटिन्युओ म्हणतात. वेदीजवळ वाजवत असाल तर ऑर्गन, दरबारात असाल तर हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) किंवा थिओर्बो, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य. एकच कागद दोन्हीकडे चालतो, म्हणजे परत प्र. ४.

१३. ब्रास म्हटलं तर ट्रॉम्बोन का नाही? ते तर आधीपासून होतं ना?

होतं, आणि ट्रॉम्बोनला सरकती नळी असल्यामुळे सगळे सूर मिळायचे, प्र. ६ ची कटकटच नाही. व्हेनिसमध्ये जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ मध्येच ट्रॉम्बोनच्या दोन गटांचा सोनाटा छापला, त्यात कुठे हळू आणि कुठे जोरात हेही लिहून दिलं, नावच 'पियान ए फोर्ते'. त्यातल्या एका गटात वरचा सूर कॉर्नेटोचा (बोटांची भोकं असलेलं लाकडी फुंकवाद्य), दुसऱ्यात तारेच्या वाद्याचा, म्हणजे तारा आणि ब्रास यांची सोयरीक बरीच जुनी. व्हिएन्नात बेर्ताली दोन व्हायोलिन आणि एक ट्रॉम्बोन अशा त्रिकुटासाठी लिहायचा, आणि तिथे ट्रॉम्बोन व्हायोलिनच्या बरोबरीने पळतं, ऐकून आश्चर्य वाटेल. तेव्हाचं ट्रॉम्बोन बारीक तोंडाचं आणि मऊ आवाजाचं होतं.

बीबरच्या या संग्रहात मात्र ट्रॉम्बोन नाही. ट्रॉम्बोनचं नातं चर्चशी आणि गावच्या वादकांशी, ट्रंपेटचं सत्तेशी. १६२३ मध्ये सम्राट फर्डिनांड दुसरा याने ट्रंपेटरांच्या संघटनेला सनदच दिली होती, कुणी वाजवायचं आणि कुणी नाही यावर कडक नियम. गावातला कुणीही उठून ट्रंपेट फुंकू शकत नव्हता. तुतारी वाजली की कुणीतरी मोठं येतंय हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही, तिथेही तसंच होतं. संग्रहाचा पहिला आणि शेवटचा सोनाटा दोन ट्रंपेटचा ठेवलाय तो उगाच नाही, अर्पण केलंय राजाला.

१४. इटलीतले ट्रंपेट सोनाटे आणि हे, फरक काय?

इटलीतलं केंद्र बोलोन्या, आणि तिथलं सान पेत्रोनियो हे अवाढव्य चर्च. तिथल्या कात्साती या संगीतप्रमुखाने १६६५ मध्ये तारांबरोबरचे ट्रंपेट सोनाटे छापले, त्याच्या आधी १६३८ मध्ये फान्तिनीने ट्रंपेट आणि ऑर्गनचे छापले होते. नंतर टोरेल्लीने बोलोन्याची ही शैली फार पुढे नेली. पण त्या इमारतीत आवाज इतका वेळ घुमत राहतो की सूर पटापट बदलले तर नुसता गोंधळ होईल, म्हणून तुकडे स्वच्छ, सूरसंगती सावकाश बदलणारी, आणि सणाला तारवाद्यं भरपूर. ते ऐकताना कॉन्चेर्टोची चाहूल लागते, एक ट्रंपेट पुढे आणि सगळे मागे. बीबरकडे असं पुढे-मागे फारसं नाही, ट्रंपेटही पंगतीतच बसतं. मला बीबरचं जास्त आवडतं पण आमच्यातले निम्मे लोक टोरेल्लीच्या बाजूचे आहेत.

१५. ट्रंपेटबरोबर नगारे असायचे ना? इथे का नाहीत?

दरबारी ट्रंपेटर आणि टिंपनी ही जोडी नेहमीची, पण ती मोठ्या समारंभाची. बीबरचाच 'सोनाटा सांक्टी पोलिकार्पी' आहे, आठ ट्रंपेट, टिंपनी आणि बास, तो लावा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. १६८२ मध्ये साल्झबुर्गच्या धर्मपीठाची ११०० वर्षं साजरी झाली तेव्हाचा ५३ पार्टांचा अवाढव्य मिस्साही आता त्याचाच मानतात. या बारा सोनाट्यांत टिंपनीचा पार्ट नाही. आतल्या खोलीतलं बोलणं आहे हे, मिरवणूक नव्हे.

१६. एक भाग कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, कळतच नाही. ट्रॅक तर एकच दिसतो.

कारण वेगळे भाग नाहीतच. एकाच सलग रचनेत पाच-सहा तुकडे, सावकाश, मग पळापळ, मग अचानक तीनचा ताल, मग परत शांत. सगळं मिळून पाच-सहा मिनिटांच्या आसपास. आलाप-जोड-झाला असा चढता क्रम शोधू नका, तो नाही. वळणं अनपेक्षित असणं हीच त्या काळची आवड होती, आताच्या आता सुचलं असं वाटावं अशी.

१७. रेकॉर्डिंगबरोबर पेटी लावून बघितली, जुळत नाही. सी मेजर म्हणता मग पांढरी एक यायला हवी ना?

पेटी ठीक आहे तुमची. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच ग्रुप आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली जुळवतात, ए हा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४१५. मग त्यांचा सी तुमच्या पेटीवर पांढरी सात होतो. काही जण उलट ४६५ ला जुळवतात, मध्य युरोपातल्या जुन्या ब्रास आणि ऑर्गनच्या जवळ, तेव्हा तोच सी काळी एक वर येतो. ४१५ हा आजच्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे, तेव्हा गावागणिक पट्टी वेगळी असायची.

१८. "ओरिजिनल इन्स्ट्रुमेंट" लिहिलेल्या व्हिडिओत ट्रंपेटच्या नळीला भोकं दिसली. फसवणूक?

फसवणूक म्हणणं जास्त होईल, पण जुनं वाद्य तसं नव्हतं. ही छोटी भोकं विसाव्या शतकातली सोय आहे, १९६० च्या सुमारास सुरू झाली. भोक उघडलं की अकरावा-तेरावा सूर जागेवर बसतो आणि चुकायची भीती कमी होते. भोकं नसलेलं, फक्त ओठांवर वाजवणारे लोक आता वाढतायत. एकदा दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐका, बिनभोकाच्यात म जरा तिरपा लागतो आणि मला तो तिरपेपणा हवाहवासा वाटतो, विशेषतः दहाव्यात.

१९. आमच्याकडे एक ट्रंपेट, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, कीबोर्ड असा ग्रुप आहे. आम्ही वाजवू शकतो का? मॉडर्न ट्रंपेट चालेल?

चालेल. चौथ्यापासून सुरू करा, त्यात एकच ट्रंपेट आहे. दुसऱ्या व्हायोलाचा पार्ट तुमच्या दुसऱ्या व्हायोलिनवर बसतो का बघा, जिथे फार खाली जातो तिथे वरच्या सप्तकात घ्या. ट्रंपेटरला पिक्कोलो ट्रंपेट मिळालं तर वरचे सूर सोपे जातील. नसेल तर साध्यावर वाजवा पण त्याला सांगा की व्हायोलिनएवढंच वाजवायचं, लग्नाचा बँड घरी ठेवून यायचा. कीबोर्डवर ऑर्गनचा साधा आवाज लावा. नोटेशन आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं.

आणि घाई नको. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने पहिल्याच दिवशी दहावा काढला, ट्रंपेटर पोरगा अर्ध्या तासात रडकुंडीला आला.

२०. संग्रहाच्या शेवटी फक्त दोन ट्रंपेटचे छोटे छोटे १२ तुकडे आहेत, तारा नाहीत, बास नाही. हे चुकून आलेत का?

चुकून नाही, छापलेल्या मूळ संग्रहातच आहेत. तारा नाहीत, ऑर्गन नाही, नुसते दोन माणसांचे ओठ. दरबारात ट्रंपेटरांना जेवणाच्या वेळी, पाहुणे आल्यावर वाजवायला अशा जोड्या लागतच असणार. ट्रॅक एक-दीड मिनिटाचे आहेत, बारा सोनाटे संपल्यावर लगेच लावा, मध्ये चहाला उठू नका. सोनाट्यात तारांमध्ये मिसळून गेलेला आवाज इथे एकदम उघडा पडतो, आणि छोटा मोत्सार्ट कशाला घाबरत होता तेही कळतं.